पत्र्याची रुंद नाव

कळमेश्वरच्या कारखान्यातलं माझं ठेक्याचं काम संपलं, तेव्हा सासऱ्यांनी बोलावून घेतलं. त्यांचं गाव तलावाच्या काठावर. सगळा जन्म मासेमारीत गेलेला. आता गुडघे साथ देत नव्हते आणि जुना डोंगाही सडला होता.

"जवाईबापू, तलावात माझा हक्क हाये. तुमी दोघं चालवा," ते म्हणाले. "नाव तेवढी तुमच्या मनानं घ्या."

मी लगेच हो म्हणून बसलो.

पुढचे तीन आठवडे मी मोटरसायकलवर या गावाहून त्या गावाला नावा पाहत फिरलो. एका लाकडी नावेचे खिळे गंजलेले होते. दुसरी पत्र्याची, चांगली रुंद; तिला मी बोजड ठरवलं. तिसरी फायबरची, ती हलकी वाटली. मी वाकून बूड ठोकायचो, जोड चाचपायचो, मालकाला दहा प्रश्न विचारायचो. आत मात्र एकाही नावेत बसलो नाही. घरी आलो की जेवता जेवता मध्येच उठून अंगणात फेऱ्या मारायचो.

"काहून असे करून राहिले?" बायको विचारायची.

"घाईत घेतलेली वस्तू फसते," मी म्हणायचो.

चौथी नाव पाहायला ती सोबत आली. पदर खोचून ती सरळ नावेत जाऊन बसली. "या."

मी बुडाबद्दल काहीतरी बोलायला लागलो.

"बूड मी पाहतो. तुमी या," ती म्हणाली.

चपला काढून एक पाय आत टाकला. नाव कलली आणि मी पाण्यात पडलो. पाणी गुडघ्याएवढंच होतं, तरी मी ओरडत होतो. तिचा हात इतका घट्ट धरला की दोन बांगड्या फुटल्या. मालक हसायला लागला. तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो गप्प झाला.

काठावर मी पँट पिळत होतो. ती म्हणाली, "तुमाले पोहता येत नाई."

मी मान हलवली.

"नऊ वर्सं झाले लग्नाले. अन् हे मले आज समजून राहिलं?"

"तुझ्या माहेरी शेंबडं पोरही पोहतं. कोणत्या तोंडानं सांगू?"

तिनं मनगटावरचं खरचटलेलं पदरानं पुसलं. मग म्हणाली, "ते रुंद पत्र्याची कुठं पाहिली होती?"

त्याच दुपारी आम्ही तिथं गेलो. ती नावेच्या एका कडेला उभी राहिली, दोन्ही पायांनी जोर दिला. नाव जेमतेम हलली. "हेच घेऊ."

"म्हैस आणली का गा?" सासरे कुरकुरले. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मलेच आवडली, बाबा." त्यांना खरं कारण तिनं आजवर सांगितलेलं नाही.

वल्हं ती मारते, जाळं मी टाकतो. तिनं माझ्या पाठीला दोन रिकाम्या कॅन बांधून उथळ पाण्यात मला पोहायला शिकवलं. कपडे धुणाऱ्या बाया हसून हसून दमल्या. आता वीसेक हात जातो. पण तलावाच्या मधोमध गेलो की नजर अजूनही काठ शोधते. तिला ते कळतं. मग ती वल्हं न थांबवता काहीबाही विचारत राहते, घरात पीठ किती उरलं, गॅस कधी लावला होता, आणि मी उत्तरं देत जाळं सोडत जातो.