मी नापास केलेली लेथ

डायलचा काटा तीन घरं हलला. मी चक हाताने पुन्हा एकदा सावकाश फिरवला. पुन्हा तीन घरं.

"कितना आया, मॅडम?" दुकानदाराने विचारलं.

"तीन."

"तीन तो कुछ भी नहीं है."

तो बरोबर बोलत होता, हे मला कळायला आठ महिने लागले. त्या दिवशी मी चष्मा वर सरकवला आणि शेजारी उभ्या असलेल्या रामटेके भाऊंकडे बघून मान हलवली. नाही.

जबलपूरच्या गोहलपुरमधल्या एका मशिनरीच्या दुकानाचं ते गोदाम होतं. टेबलावर एक छोटी लेथ ठेवलेली होती. लेथ म्हणजे धातूचा तुकडा गरगर फिरवून हत्याराने त्याला गोल आकार देणारं मशीन. फॅक्टरीतल्या लेथ खाटेपेक्षा लांब असतात. ही मोठ्या सुटकेसएवढी होती, घरी बसून मॉडेल बनवणाऱ्या हौशी लोकांसाठी. किंमत मात्र हौशी नव्हती. तेवढ्यात नवी मोटरसायकल आली असती.

मी फॅक्टरीत गेज रूममध्ये एकतीस वर्षं एक्झामिनर होते. वर्कशॉपमधून तयार होऊन आलेला माल मोजायचा आणि पास किंवा रिजेक्ट लिहायचं, एवढंच माझं काम. रिटायर झाल्यावर तेच काम सुटंसुटं करते. कोणाला मशीन घ्यायचं असलं की आधी मला बघायला नेतात. डायल, टेस्ट बार आणि व्हर्नियर माझे स्वतःचे आहेत. त्यांना कोणी हात लावलेला मला अजूनही खपत नाही.

रामटेके भाऊ त्याच फॅक्टरीत टर्नर होते, म्हणजे लेथवर काम करणारे. वीस-बावीस वर्षं त्यांचे जॉब, म्हणजे त्यांनी केलेले सुटे भाग, माझ्या टेबलावर येत. त्यांना सदा घाई. ट्रे ठेवला की दहा मिनिटांत हजर, "मॅडम, झालं काय?" मी म्हणायची, "घाई कशाची आहे?" एकदा मी त्यांचा बुशचा, म्हणजे धातूच्या छोट्या पोकळ नळ्यांचा, अख्खा ट्रे परत पाठवला, तर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण नंतर नव्या टर्नरना सांगताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "बोरकर मॅडमनं पास केलं का डोळे मिटून लावा." या वाक्याचा मला एवढा अभिमान होता की येईल त्या पाहुण्याला मी ते ऐकवलं आहे. त्याच वाक्यापायी ते मला गोहलपुरला घेऊन आले होते.

रिटायर झाल्यावर ते मला ताई म्हणायला लागले होते. आदल्या आठवड्यात फोन आला. "ताई, एक छोटी लेथ पाहून राहिलो. घरीच मॉडेल बनवीन म्हणतो, छोट्या लाइनचं इंजिन. तुम्ही एकदा पाहून द्या."

छोटी लाइन म्हणजे नॅरो गेज. जबलपूरहून नैनपूरमार्गे गोंदियाकडे जाणारी ती छोटी गाडी आता नाही, रूळसुद्धा मोठे झाले. भाऊंचे वडील कोळशाच्या इंजिनाच्या काळात त्या गाडीवर फायरमन होते, म्हणजे भट्टीत फावड्याने कोळसा टाकणारे. आमच्यातली कितीतरी घरं त्याच गाडीत बसून विदर्भातून इकडे आली आणि इथलीच झाली. भाऊंना ते इंजिन पितळेत बनवायचं होतं, वीतभर लांबीचं. त्यांच्या घरी कमल वहिनींनी एकच अट घातली होती. "एवढी महाग मशीन आहे. बोरकर ताई हो म्हणतील तर घ्या, मी एक शब्द बोलणार नाही." म्हणजे ती लेथ घरात येणार की नाही, हे सर्वस्वी माझ्या शब्दावर होतं.

एक गोष्ट आताच सांगून टाकते. भाऊंना पोटाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी वर्षभर म्हटलं होतं, तेही ओढूनताणून. त्यांना ठाऊक होतं, वहिनींना ठाऊक होतं. मला नव्हतं. बारीक दिसले म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, शुगर निघाली आहे.

तर काटा तीन घरं हलला. डायलचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, धरलेला टेस्ट बार फिरताना जेवढा डुगडुगतो, त्याला रनआउट म्हणतात. तीन घरं म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा जवळजवळ अर्धा भाग. फॅक्टरीत एवढ्यावर मी मशीन मेंटेनन्सला पाठवायची.

"ताई, मला वाटते तीन घरं चालून जातील," भाऊ म्हणाले.

"तुम्हाला चालतील हो, पिस्टनला चालतील का? वाफ गळेल सगळी. इंजिन जागेवरून हलणार नाही."

त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. हातातल्या पिशवीत कागदाची एक गुंडाळी होती, ती त्यांनी अर्धी बाहेर काढली होती. मी तोवर टेस्ट बार पुसून पेटीत ठेवायला लागले होते. त्यांनी गुंडाळी परत आत सारली.

"बरं. तुम्ही म्हणता तर नाही घेत."

मला बरं वाटलं, हे कबूल करते. आपला शब्द अजून चालतो याचं बरं वाटलं.

दीड महिन्याने त्याच दुकानात दुसरी लेथ आली. हिचा रनआउट चांगला होता. पण लेथला दुसऱ्या टोकाला एक आधार असतो, टेल स्टॉक म्हणतात. लांब तुकडा कापताना तो तिकडून टेकवायचा. दोन्ही टोकं एका रेषेत हवीत. टेल स्टॉक चार घरं वर निघाला.

या वेळी भाऊ माझ्या खांद्याशी उभे नव्हते. दुकानदाराचं स्टूल ओढून बसले होते. मी चेष्टा केली, "काय भाऊ, टर्नर असून बसलात? सुपरवायझर झालात की काय?" ते हसले. मग म्हणाले, "ताई, थोडं लवकर होईल काय हे?"

"घाई कशाची आहे? नोकरीभर हेच ऐकलं तुमच्याकडून."

"हो," ते म्हणाले, "जुनी आदत आहे."

टेल स्टॉकखालची पट्टी घासून चार घरं खाली आणता आली असती. एका सकाळचं काम. दुकानदारही तेच म्हणाला. मी म्हटलं, नव्या मशीनला ठिगळ कशाला?

मग मी मनावरच घेतलं. इंदूरच्या एका डीलरला फोन केला आणि टेस्ट सर्टिफिकेट असलेली लेथ मागितली. सर्टिफिकेट म्हणजे त्या मशीनच्या प्रत्येक मापात किती चूक आहे ते लिहिलेला कागद. तो म्हणाला, बाहेरून येते, तीन महिने लागतील. मी भाऊंना आनंदाने कळवलं.

"भाऊ, आता एक नंबरची मिळेल. फक्त तीन महिने थांबा."



"तीन महिने," ते फोनवर म्हणाले.

"तीन महिने चुटकीसरशी जातात."

"अच्छा. चलो."

त्या 'चलो'त काय होतं ते मी आज ओळखू शकते. तेव्हा मला ती संमती वाटली आणि मी डायरीत ऑर्डर कन्फर्म लिहिलं.

तीन महिन्यांचे पाच झाले. मध्ये एकदा भाऊ अॅडमिट असल्याचं कानावर आलं. मी फोन केला, तो वहिनींनी घेतला. म्हणाल्या, झोपले आहेत, उठले की सांगते. मी निरोप ठेवला की लेथ बंदरावर उतरली आहे, काळजी करू नका म्हणावं. एवढ्याचीच काळजी त्यांना असेल, असं मी धरून चालले होते.

डीलरचा फोन आला तेव्हा भाऊंना जाऊन अकरा दिवस झाले होते. कॅन्सरचं मला ते गेल्यावरच कळलं.

"मॅडम, माल आ गया. डिलिव्हरी कहाँ देनी है?"

मी म्हटलं, नको.

"पार्टी कॅन्सल कर रही है क्या?"

"पार्टी नहीं रही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. जवळच्या माणसाला इतके महिने बारीक होताना बघून मी त्याच्याशी फक्त मशीनबद्दल बोलत राहिले, याचं रडू होतं ते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आठवड्याने वहिनींनी मला कांचघर भागातल्या त्यांच्या घरी बोलावलं. समोर बिस्किटांचा एक डबा ठेवला आणि एक कागदाची गुंडाळी. गुंडाळी मी लगेच ओळखली.

ते इंजिनाचं ड्रॉइंग होतं. पेन्सिलने काढलेलं, रेष न् रेष स्वच्छ. खाली उजव्या कोपऱ्यात फॅक्टरीच्या ड्रॉइंगवर असतो तसा चौकोन आखला होता. जॉबचं नाव: छोटी लाइन इंजिन. मटेरियल: पितळ. नग: एक. टॉलरन्स: अर्धा मिलिमीटर. टॉलरन्स म्हणजे माप किती चुकलं तरी चालेल, ती मर्यादा. त्याच्याखाली टीप होती: चालवायचे नाही, शोकेसमध्ये ठेवायचे. आणि सगळ्यात खाली: तपासणार, बोरकर मॅडम. पुढे सहीसाठी जागा कोरी होती. तारीख आमच्या पहिल्या फेरीच्या चार दिवस आधीची.

अर्धा मिलिमीटर म्हणजे डायलची पन्नास घरं. मी तीन घरांसाठी लेथ नापास केली होती. वाफ, पिस्टन, सगळं माझ्या डोक्यातलं. ते इंजिन कधी चालायचंच नव्हतं.

गेज रूममध्ये पहिल्या दिवशी आम्हाला एकच गोष्ट शिकवतात. ड्रॉइंग बघितल्याशिवाय जॉबला हात लावायचा नाही. बुश चांगला की वाईट हे बुशकडे बघून कळत नाही, तो कशासाठी आहे त्यावर ठरतं. एकतीस वर्षं मी हे पाळलं. आणि ज्या माणसाने ड्रॉइंग पिशवीत घालून आणलं होतं, त्याला ते काढू दिलं नाही.

डब्यात पितळेची दोन चाकं होती. कानशीने घासून हाताने केलेली. ड्रॉइंगमध्ये सहा होती.

"हातात जोर राहिला नव्हता," वहिनी म्हणाल्या. "तरी कानस घेऊन बसत. दोन घासली, मग नाही झालं."

मी पर्समधून व्हर्नियर काढला. का काढला, सांगता येणार नाही. दुसरं काही सुचलं नाही. पहिलं चाक तीन ठिकाणी मोजलं, दुसरं तीन ठिकाणी.

वहिनी बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, खरं सांगा. ती पहिली मशीन चालली असती काय? अट तर मीच घातली होती. रात्रंदिवस तेच मनात येऊन राहिलं."

मी 'नाही' असं म्हणू शकले असते. ते खपूनही गेलं असतं, माझ्यावर त्या घराचा तेवढा विश्वास होता.

"चालली असती, वहिनी. पहिलीच चालली असती. तुमच्या अटीत काही चूक नाही. चूक माझी आहे. मी त्यांना विचारलंच नाही की काय करायचं आहे."

 वहिनी डब्याचं झाकण हातात फिरवत होत्या.

"मी म्हणत होते त्यांना," त्या म्हणाल्या, "ताईंना सांगून टाका, दिवस कमी आहेत. ड्रॉइंग दाखवा. काहून नाही दाखवत? तर म्हणत, एक्झामिनर मोजून राहिला का टर्नरनं मधात बोलू नये. ताई बरोबरच करून राहिल्या असतील."

मी ते ऐकलं आणि माझं ते आवडतं वाक्य, पाहुण्यांना ऐकवायचं, ते त्या दिवसापासून कोणाला ऐकवलेलं नाही.

निघण्याआधी मी ड्रॉइंगच्या चौकोनात सही केली. नियमाप्रमाणे लिहिलं: आलेले नग, चाक, दोन. पास, दोन. एक चाक चार दशांश मिलिमीटर कमी होतं, पण भाऊंनी घातलेल्या मर्यादेत बसत होतं. वहिनींनी ते ड्रॉइंग फ्रेम करायला दिलं. चाकं शोकेसमध्ये ठेवली आहेत.

आता मशीन बघायला कोणी बोलावलं की मी आधी ड्रॉइंग मागते. नसेल तर तोंडी विचारते, काय बनवायचं आहे. आणि आणखी एक विचारते, कधीपर्यंत. हे कोणत्याही ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं, म्हणून विचारावं लागतं.

गेल्या महिन्यात ओमतीजवळ राहणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी लाकूडकामाची छोटी लेथ बघायला नेलं. त्यांना भोवरे करायचे होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे असेल. काटा सहा घरं हलला.

"सुरू कधी करणार?" मी विचारलं.

"आज संध्याकाळपासून," ते म्हणाले.

मी डायल पेटीत ठेवली आणि म्हटलं, घ्या.