मुलाम्याच्या जागेवरचा शेवगा

झाड विषारी जमिनीतून धातू शोषून घेते. मग तो धातू जातो कुठे? या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हे लिहीत आहे.

सोलापुरात आमच्या वसाहतीमागे पूर्वी यंत्रमागाच्या सुट्या भागांना मुलामा देण्याची शेड होती. तिचे सांडपाणी मागच्या मोकळ्या जागेत सोडले जाई. शेड बंद पडल्यावर मातीची तपासणी झाली आणि तीत कॅडमियम हा विषारी धातू निघाला. मी निवृत्त विज्ञान शिक्षक, म्हणून महापालिकेने मला बैठकीला बोलावले. मी आकृती काढून समजावले: मुळे पाण्याबरोबर विरघळलेले कॅडमियमही ओढतात आणि त्यातले काही पानांपर्यंत पोहोचते. म्हणून ज्याचे काहीच खाल्ले जात नाही असे झाड लावावे, भोवती कुंपण घालावे, छाटलेल्या फांद्या आणि गळलेली पाने घातक कचरा म्हणून पाठवावीत. सर्वांनी माना डोलावल्या. पुढे गुडघेदुखीमुळे मी तिकडे फिरकलो नाही. ती माझी चूक.

गेल्या महिन्यात शेजारच्या ताई डबा घेऊन आल्या. घर विणकरांचे, आपसांत तेलुगू, माझ्याशी मराठी. सुनेला सहावा महिना लागला होता आणि अंगात रक्त कमी होते. शेवग्याच्या पाल्यात लोह असते, हे त्यांना मीच सांगितले होते.

"घ्या सर, तुमी सांगितल्याली भाजी. सून रोज खातीया, नाक मुरडत का हुईना."

मी दोन घास खाल्ले. "पाला मंडईतून आणता का, ताई?"

"मंडईतला सुकल्याला असतो की. मागं शेडच्या जागेत शेवगा लावलाय न्हवं, तितला. लई कवळा हाय."

तिसरा घास मी ताटात ठेवला आणि त्यांना सगळे सांगितले. त्यांनी डब्याचे झाकण लावले.

"हे आदी बोलायचं न्हवतं व्हय, सर? वर्गात पोरांचं एक उत्तर चुकलं की अंगठे धरायला लावत व्हता."



दुसऱ्या दिवशी मी महापालिकेच्या कार्यालयात गेलो. तिथला अधिकारी माझाच माजी विद्यार्थी.

"सर, अजून पेपर तपासताय की काय?" तो हसला. "लोकोपयोगी झाडं लावा, अशी वरून सूचना होती. शेवगा झटपट येतो."

"कुंपण का नाही?"

"कुंपण घातलं तर लोक शेंगा कशा तोडणार?"

"जमिनीतले कॅडमियम कमी झाले असेल, तर ते आता कुठे आहे?"

"झाडात."

"आणि झाडाचा पाला?"

तो टेबलावरचे कागद सारखे करू लागला. माझ्याच वर्गात हा धडा त्याने मला न अडखळता म्हणून दाखवला होता. अज्ञानी माणसावर रागावणे मला आयुष्यभर अयोग्य वाटत आले आहे; पण याला उत्तर ठाऊक होते. तरीही त्या जागेवर 'प्रदूषणमुक्त परिसर' असा फलक उभा आहे. घर झाडून केर पाळण्यात टाकावा, तशी ही स्वच्छता.

सुनेने भाजी सोडली आहे आणि डॉक्टरांना सर्व कळवले आहे. परंतु शरीरात गेलेले कॅडमियम वर्षानुवर्षे मूत्रपिंडात राहते; ते किती गेले, मुळात गेले का, हे आज कोणीच सांगू शकत नाही. पाल्याचा नमुना मी स्वतः प्रयोगशाळेत दिला. अहवाल आलेला नाही. ताई रोज आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवरून विचारतात, "आला का, सर?" आणि मी रोज नाही म्हणतो.

प्रश्नाचे उत्तर असे: धातू नाहीसा होत नाही, तो झाडात जातो, आणि झाडाचे जे कोणी खाईल त्याच्यात जातो. माझ्या शब्दावर विसंबू नका. तुमच्या भागात अशी झाडे लावली असतील, तर तिथे आधी काय होते ते विचारा, मातीबरोबर पानांचाही अहवाल मागा, पाला कोण तोडून नेते ते स्वतः उभे राहून पाहा. कृपया तपासा.