व्हिटियरबाईंचं आडनाव आणि माझं

मंडळी, आज जेवणाच्या सुट्टीत आमच्या ऑफिसातल्या इंग्रज व्हिटियरबाईंनी आपल्या आडनावाचा अर्थ सांगितला: तुरटी लावून पांढरं कातडं कमावणारा. सगळ्यांनी कौतुकाने ऐकलं.

इथे कुवेतला, सालमियात मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहते, त्या काकूही आमच्याच ऑफिसात आहेत. त्यांनी विचारलं, "आणि तुझं गं?"

"गावावरून."

"शेवटी 'कर' काय, कुणीही लावतं. मूळचं सांग."

बाबांनी घरी पाटीवर अक्षरं शिकवताना आधी जुनं आडनाव गिरवून घेतलं होतं, मगच नवं. तरी मी "ठाऊक नाही" म्हणाले.

संध्याकाळच्या चहाला काकूंनी आज हाक मारली नाही.

त्या याच ग्रुपवर आहेत, म्हणून इथेच लिहिते: माझे आजोबाही कातडंच कमावत. व्हिटियरबाईंइतक्या सहज हे तुमच्यापैकी कुणाला सांगता आलंय का?