मला नकार देणारा आमच्या बोटीवर

जपानच्या उत्तरेला, होक्काइदो बेटावर शिरेतोकोच्या कड्यांखालून उन्हाळ्यात एक छोटी बोट प्रवाशांना फिरवून आणते. तिथे रस्ता नाही. कड्यावरून धबधबे सरळ समुद्रात पडतात आणि अस्वलं किनाऱ्यावर मासे शोधत हिंडतात. मी समुद्रपक्ष्यांवर काम करते, म्हणून त्या वर्षी माहिती सांगायला मला बोलावलं होतं. प्रवाशांत तोक्योकडची काही मराठी कुटुंबं होती. त्यांतच तो निघाला.

चेहरा सुटला होता, तरी मी आवाजावरूनच ओळखलं. २०११च्या भूकंपाच्या आधी आमचं लग्न जवळपास ठरलं होतं. व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं, दोन्ही घरची पसंती झाली, आईने शालूसुद्धा घेऊन ठेवला. मग भूकंप झाला, त्सुनामी आली आणि किनाऱ्यावरचं अणुवीज केंद्र फुटलं. मी तेव्हा तिथून जवळच, सेंदाईत राहायचे; पाण्यासाठी रांगेत उभी असताना त्याचा पुण्याहून फोन आला. कशी आहेस, एवढंही न विचारता म्हणाला, "ॲक्च्युअली, तिकडे रेडिएशन आहे. उद्या मुलं कशी होतील, सांगता येत नाही." ते वाक्य मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

आणि आता हाच बायको-मुलीसह जपानात, तोक्योच्या एदोगावात राहतो! मला ओळखलंही नाही. वर म्हणतो, "मॅडम, इतकी वर्षं इथे राहून मराठी छान टिकवलंय हं तुम्ही." किनाऱ्याला नेणाऱ्या रबरी होडीत मी त्याला मुद्दाम सगळ्यात पुढे बसवलं. तिथे लाटेचं पाणी थेट तोंडावर येतं. फार बरं वाटलं. पण तेवढ्यावर माझं भागणार नव्हतं. मला त्याची मान खाली गेलेली बघायची होती, तीही बायकोसमोर.

किनाऱ्यावरच्या गावात तिथल्या मूळच्या ऐनू लोकांपैकी एक आजी पाहुण्यांना जेवू घालायच्या. आधी कोरीव काठीच्या टोकाने साकेचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, थेंब विस्तवाला वाहायच्या आणि मग साल्मन माशाचं कढण वाढायच्या. त्यांचा स्वतःचा एक नियम होता: वाडगा घेताना आपण कुठून आलो ते विस्तवाला सांगायचं. तो "एदोगावा" म्हणाला. मी "सेंदाई" म्हणाले. वाडगा तोंडाशी नेता नेता तो थांबला आणि माझ्याकडे झुकला.

"मॅडम, तुम्ही सायंटिस्ट. हा मासा सेफ आहे ना? मुलीला द्यायचाय."

"मी भूकंपापासून सेंदाईतच आहे," मी त्याच्या बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "तिथलंच खाते, तिथलंच पिते. माझी मुलगी शाळेत सगळ्यांच्या पुढे पळते. मला मुलं कशी होतील याची काळजी होती ना तुम्हाला? फोन करून लग्न मोडलंत ते!"

त्याची बायको त्याच्याकडे बघायला लागली. आजींची पळी हातातच राहिली. त्याने माझा चेहरा अगदी नीट निरखला.

"सॉरी हं," तो म्हणाला. "तेव्हा आई बरीच स्थळं बघत होती. सेंदाईचं... नाही, खरंच आठवत नाहीये."

तो खोटं बोलत असता तर मी त्याला सोडलं नसतं. पण तो खरोखरच आठवून बघत होता.