पलटलेल्या कार्डावरची धूसर अक्षरं

माझी नात वेबसाइटी बनवते. परवा तिनं माझं एक जुनं वेबपेज उघडलं, आतला कोड वाचला आणि फोन केला. "आजी, एकाच दुखण्यावर चार औषधं काऊन देऊन ठेवली तू? पहिल्यानंच बरं झालं असतं."

मी म्हटलं, "तुझी आजी तेव्हा फार हुशार होती, बाई. हुशार माणसाचं एका औषधानं भागत नाही." ती हसली. मी फोन ठेवला.

तर ती हुशार बाई म्हणजे मीच. पन्नाशी नुकतीच उलटलेली, भद्रावतीला रोज एसटीनं जाऊन पोरींना कॉम्प्युटर शिकवणारी. स्वतःच्या हातानं वेबपेज करता येतं म्हणून पाय जमिनीला लागत नव्हते तिचे. हे नुकतेच रिटायर झाले होते. ऊर्जानगरचं वीज केंद्राचं क्वार्टर सोडून आम्ही चंद्रपुरात राहायला आलो होतो. ह्यांचं बालपण हेमलकशाच्या पलीकडच्या गावातलं, घरची भाषा गोंडी. गावातली लेकरं शाळेत मराठी ऐकून गांगरतात, हे त्यांना फार लागायचं. म्हणून ह्यांनी वहीत ओळीनं शब्द लिहून काढले, त्याच क्रमानं पाठच केले म्हणा ना. एकीकडे 'येर', दुसरीकडे 'पाणी'. मग 'पुंगार', फूल. मग 'मरा', झाड.

मी म्हटलं, आपण पलटणारी कार्डं करू. माउसनं टिचकी मारली की कार्ड गर्रकन फिरेल आणि मागचा शब्द समोर येईल. शब्द नुसता बदलला असता तरी लेकरांना चाललं असतं. पण मग बाईंची हुशारी कोणाला दिसली असती?

कार्ड फिरलं. झोकात फिरलं. हे स्क्रीनला नाक लावून म्हणाले, "अवं, अक्षरं पुसल्यासारखे दिसून राह्यले."

खरंच पुसट होती. कार्ड फिरवताना ब्राउझर अक्षरांचं चित्र करून ते फिरवतो आणि थांबल्यावरही तेच फुगलेलं चित्र ठेवतो. मी शोधून काढलं की फिरणं संपलं की फिरवण्याचा हुकूमच काढून टाकायचा, म्हणजे अक्षरं नव्यानं रेखली जातात. तसं केलं. माझ्या डोळ्यांना काजळ घातल्यासारखी रेखीव दिसली.

"आता?"

"नाई वं. तसेच हाय."

मग कार्डाची उंची विषम आहे, मधोमध आणताना स्क्रीनचा अर्धा ठिपका उरतो आणि अक्षर पसरतं, असं निघालं. उंची सम केली. "आता?" "थोडंसं धुकं हाय." अक्षरांची जात, म्हणजे फॉन्ट, बदलली. मग फिरण्याचा वेग कमी केला, ज्याचा ह्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. शेवटी चिडून म्हटलं, "काही नाही जी, तुमचा मॉनिटरच जुना आहे. माझ्या लॅपटॉपवर सगळं साफ दिसते."

त्याच महिन्यात ह्यांनी पेपर बंद केला होता. म्हणाले, बातम्या रोज सारख्याच असतात. मला ते पटलंसुद्धा. घरात शुगरचा माणूस, अक्षरं धूसर दिसतात म्हणतो, आणि मी त्याची अक्षरं दुरुस्त करत बसलेली!

काही दिवसांनी विचारलं तर म्हणाले, "झालं. आता एकदम झक्कास." मी इतकी फुगले की क्लासातल्या पोरींनासुद्धा सांगितलं.

मग एका दुपारी मी कार्डं पिसली, वहीतला क्रम दर वेळी बदलावा म्हणून. ह्यांना सांगायला विसरले. हे खुर्चीत बसले आणि खणखणीत आवाजात वाचू लागले. समोर 'मरा' होतं. ते म्हणाले, "येर." समोर 'येर' आलं. ते म्हणाले, "पुंगार."

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसले. ते थांबले, माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. म्हणाले, "काऊन हासून राह्यली?" नजर माझ्या खांद्यावरून भिंतीकडे गेलेली होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांच्या पडद्यात रक्त उतरलंय, शुगरमुळे. आधी आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं. उजवा डोळा गेला. डाव्यात उजेड तेवढा राहिला.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "मग खोटं काऊन बोलले जी? दिसत नव्हतं तर सांगायचं ना."

वरोरा मागे गेल्यावर म्हणाले, "सांगतलं ना वं. चारदा सांगतलं. तू म्हणाली, मॉनिटर खराब हाय. मले वाटलं, असंल. तुले ह्यातलं जास्त समजते." आणि पुढे, "मंग तुले रोज तरास कायले द्यायचा, म्हणून साफ दिसते म्हटलं."

तेव्हापासून कोणी काहीही दिसत नाही म्हटलं, की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते. ह्यांनी कधी दोष दिला नाही. दिला असता तर भांडता तरी आलं असतं. गावच्या शाळेत ती कार्डं पोचली, लेकरं अजून फिरवतात म्हणे. हे वर्षातून एकदा माझ्या हाताला धरून तिथं जातात, मागच्या बाकावर बसतात आणि लेकरू चुकलं की नुसत्या कानानं ओळखून दुरुस्त करतात. मी स्क्रीनकडे बघत नाही.