आधी भांडून घ्या

वर्धा जिल्ह्यात माझ्या साडभावांइतका भांडणाची आवड असलेला माणूस झाला नसेल. फक्त त्यांना भांडण वेळेवर, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी झालेलं लागे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान घरं बांधायचे ठेके घेत. पण लग्नाला गेले तरी मांडववाला, आचारी आणि वरपिता यांना आदल्या दिवशीच समोरासमोर बसवत. केळझरच्या एका लग्नात त्यातून असं काही पेटलं, की दुसऱ्या दिवशी भांडायला विषयच उरला नाही आणि काही पाहुणे चक्क हिरमुसून परतले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नालवाडीत घर बांधायला काढलं. आमच्या भाड्याच्या खोल्या घरमालकाला परत हव्या होत्या, त्यामुळे उन्हाळ्यातच छत चढणं भाग होतं. साडभावांनी कागदावर रेघ ओढायच्या आधी गवंडी, सुतार, वायरमन आणि माझी बायको, सगळ्यांना एकत्र बसवलं. गवंडी आणि सुतार जुने वैरी. गवंडी कुरकुरला, "नकाशाच नाई तं मले काऊन बलावलं जी?"

"नकाशा झाल्यावर भांडशीन तं भिंत फोडा लागते," साडभाऊ म्हणाले. "आता भांड. रेघ रबरानं खोडता येते."

गवंडी-सुतार दिवेलागणीपर्यंत भांडले. बायकोला त्यांनी विटांच्या चळतीवर पोळ्या लाटायला लावल्या; ज्या उंचीला तिची पाठ न वाकता पोळी गोल झाली, तीच ओट्याची उंची ठरली. मग पवनारजवळच्या त्यांच्या वावरात सिमेंटच्या तुळया, छताच्या फळ्या, ओटासुद्धा साच्यांत ओतून तयार होऊ लागला. इकडे प्लॉटवर नुसत्या भिंती. शेजारी विचारत, "घर तिकडून शिजवून आणून राह्यले का?"

जोडणीच्या दिवशी ट्रॅक्टरमधून घर आलं. सगळं पटापट बसत गेलं. शेवटची तुळई मात्र भिंतीतल्या खाचेत जाईना. गवंडी म्हणाला, "खाच मीनं लहान ठेवली."

"नाई, साचा माया मोठा झाला," सुतार म्हणाला. "चूक मायी हाय."

दोघंही आपली चूक सोडायला तयार नव्हते. साडभाऊ डोळे मिटून, गाणं ऐकावं तसे ऐकत होते. अखेर दोघांनी मिळून खाच तासली, तुळई बसली आणि बायकोनं सगळ्या मंडळींना नव्या ओट्यावरच्या पोळ्या वाढल्या.

पुढे साडभावांनी अशी कितीतरी घरं उभी केली. स्वतः मात्र भाड्यानंच राहिले. त्यांचा प्लॉट दूर गावी असलेल्या दोन भावांशी सामायिक होता. मी एकदा विचारलंच.

"दोघंई म्हणते, तुले वाटते तसं बांध," ते म्हणाले. "भांडायले कोणी येतच नाई जी."

मग चहा संपला तरी ते आमच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले.