थरथरणारा रिमोट

"मॅडम, साधाच घ्या, वायब्रेशनवाला फुकटचा खर्च आहे," उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला दुकानदार काल व्हिडिओ गेमचा रिमोट दाखवत म्हणाला. नव्या रबराच्या वासाने मला अंबरनाथचं घर आठवलं.

पक्षाघातानंतर बाबांचा उजवा हात निर्जीव झाला होता. व्यायाम म्हणून मी त्यात भावाचा रिमोट ठेवला. दुसरी बाजू मीच धरली. पडद्यावरची गाडी आदळली, रिमोट थरथरला आणि आई ओरडली, "अगं, बोट हललं! अहो, पुन्हा दाबा ना!"

बोट बाबांनी हलवलं, की रिमोटमधल्या मोटरने? कंपन बंद करून पाहणं क्षणाचं काम होतं. आता प्रयोगशाळेत अशी पडताळणी केल्याशिवाय मी कोणताही निष्कर्ष स्वीकारत नाही.

आई बाबांच्या हातावर कपाळ टेकून रडत होती. मी गाडी पुन्हा भिंतीवर घातली.